लहान बोटीला डॉप्लर रडार: लाल ठिपका किती खरा धरायचा?

नाखवा४०फूट:

नमस्कार मंडळी. हर्णैची ४० फुटी फायबर बोट, काम गिलनेटचं. पळताना ७-८ नॉट, पण खरी काळजी पळतानाची नाही. रात्री जाळं पाण्यात गेलं की चार-पाच तास इंजिन बंद असतं आणि बोट जाळ्याला धरून वाहत राहते. २५-३० वाव खोल पाण्यात मुंबई-न्हावाशेव्याची जहाजं वर-खाली चालूच असतात. पहाऱ्याला एक खलाशी बसतो, पण पहाटे तीनला पहाऱ्याचं काय होतं ते इथे कुणाला सांगायला नको.

दुकानदार म्हणतो डॉप्लरवालं रडार घ्या, अंगावर येणारं जहाज लाल दिसतं, बाकी काही बघायला नको. विचारायचं ते असं:

लाल म्हणजे टक्कर आणि लाल नाही म्हणजे निर्धास्त, असं धरता येतं का? हेडिंग सेन्सर (बोटीचं तोंड कुठल्या दिशेला आहे ते सांगणारा) वेगळा घ्यावा लागतो म्हणतात, तो टाळता येईल का? ४ किलोवॅटचं जुनं मॅग्नेट्रॉन (लहर नळीतून सोडणारं) रडार अर्ध्याहून कमी पैशांत मिळतंय, ते घेतलं तर काय गमावतो?

१२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या आहेत. सरकारी योजनेतला ट्रान्सपाँडर बसवलेला आहे. एआयएस (आपली जागा आणि वेग आसपासच्या जहाजांना रेडिओवरून कळवणारं यंत्र) नाही.


रडारवाला:

दुकानदाराचं निम्मं खरं आहे. उरलेलं निम्मं कुठे चुकतं ते आकड्यांनी सांगतो. खाली मैल म्हणजे सागरी मैल.

बोटीवरची रडारं ९.४ गिगाहर्ट्झच्या आसपास चालतात, लाटेची लांबी ३.२ सेंटिमीटर. समोरची वस्तू तुमच्या दिशेने १ नॉटने येत असेल तर परतीच्या लहरीची वारंवारिता सुमारे ३२ हर्ट्झने वाढते, १० नॉटला ३२० हर्ट्झ. लांब जात असेल तर तेवढीच घटते. हा फरक रडारला एकाच फेरीत मोजता येतो, चार-पाच फेऱ्या थांबून ठिपका किती सरकला ते बघावं लागत नाही. डॉप्लरचा खरा फायदा हा.

आता मेख. तुमची बोट ८ नॉटने पळत असेल तर समोरचा बोया, डोंगर, धक्का, सगळंच ८ नॉटने अंगावर येतंय. ते सगळं लाल दाखवलं तर पडदा निरुपयोगी. म्हणून रडार तुमचा स्वतःचा वेग त्या त्या दिशेने वजा करतं आणि उरलेल्यावर रंग देतं. म्हणजे लाल रंगाचा अर्थ एवढाच: ती वस्तू स्वतःच्या चालीने, तुमच्या दिशेने, ठरावीक मर्यादेपेक्षा जोरात येत आहे. ती तुम्हाला धडकणार की दोन मैलांवरून निघून जाणार, हे रंग सांगत नाही.

ही मर्यादा साधारण २-३ नॉट असते, आणि ती कंपनीच्या लहरीवर ठरलेली नाही. ॲन्टेना मिनिटाला २४ फेऱ्या मारते आणि झोत ४ अंशांचा आहे असं धरा. एका वस्तूवर झोत जेमतेम २८ मिलिसेकंद टिकतो. एवढ्या वेळात वारंवारिता सुमारे ३६ हर्ट्झपेक्षा बारीक मोजता येत नाही, म्हणजे सव्वा नॉटच्या आतबाहेर. फेऱ्या ४८ केल्या की चूक दुप्पट. त्यावर लाटांची स्वतःची हालचाल. मर्यादा १ नॉटवर आणली तर अख्खा समुद्र लाल-हिरवा होऊन बसेल (लांब जाणारं काही मॉडेलं हिरवं दाखवतात).

तुमच्या कामाला, इंजिन बंद करून वाहण्याला, हे रडार चांगलं जमतं. तुमचा वेग जवळजवळ शून्य, म्हणजे वजा करायला काही नाही. तुमच्यावर येणारं जहाज आपला पुरता वेग घेऊन येतंय, ते लाल होणारच. पण १४ नॉटचं जहाज तुमच्यापासून २ मैल लांबून सुखरूप जाणार असलं तरी ते ६ मैलांवर असताना तुमच्या दिशेचा त्याचा वेग १३ नॉट भरतो. तेही लालच. ते जवळजवळ आडवं येईपर्यंत लाल राहतं. गर्दीच्या रात्री पडद्यावर पाच लाल ठिपके असतील आणि त्यांतला एकच तुमचा असेल.

तो कोणता, हे जुन्याच पद्धतीने काढायचं. लाल ठिपक्यावर बेअरिंग लाइन (पडद्यावरची दिशेची रेषा) ठेवा, पडदा नॉर्थ-अप, म्हणजे उत्तर कायम वर, ठेवा, दर दोन-तीन मिनिटांनी बघा. अंतर कमी होतंय आणि ठिपका रेषेवरून हलत नाही, तर तो तुमच्यावर आहे. ठिपका रेषेच्या एका बाजूला पळतोय तर बहुतेक निघून जाईल. टक्कर टाळण्याच्या १९७२ च्या आंतरराष्ट्रीय नियमांतला ७ वा नियम हेच सांगतो, आणि पुढे असंही सांगतो की मोठं जहाज किंवा टोइंग जवळ असेल तर बेअरिंग बदलत असूनही धोका असू शकतो. २५० मीटरच्या जहाजाची नाळ (पुढचं टोक) पुढून गेली तरी मागचा भाग यायचा असतो.

दुसरं, रिलेटिव्ह ट्रेल (ठिपका तुमच्या बोटीच्या हिशेबाने कसा सरकला त्याची शेपटी) चालू करा, ३ किंवा ६ मिनिटांच्या. ज्याची शेपटी लांबवली तर पडद्याच्या मध्यातून जाते, तो धोक्याचा. यासाठी डॉप्लर लागत नाही. तुमच्या तिसऱ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर इथेच आलं: शेपटी, बेअरिंग लाइन, गार्ड झोन (ज्यात काही शिरलं की अलार्म वाजतो तो पट्टा) हे सगळं मॅग्नेट्रॉन रडारवरही मिळतं. मॅग्नेट्रॉनचा प्रत्येक स्पंद वेगळ्याच फेजने सुटतो, त्यामुळे त्यावर डॉप्लर नाही. सुरू केल्यावर दीड-दोन मिनिटं तापायला लागतात, वीज जास्त खातं, आणि मॅग्नेट्रॉन काही हजार तासांत झिजतो. जुनं घेणार असाल तर तासांचा आकडा मेनूत बघा. विकणारा तो दाखवायला टाळत असेल तर उठून या.

अलार्मचं गणित. १४ नॉटचं जहाज ३ मैल साधारण १३ मिनिटांत कापतं, १८ नॉटचं १० मिनिटांत. एवढ्यात जाळं ओढून होत नाही. म्हणून गार्ड झोन २ ते ४ मैलांचं कडं ठेवा आणि जाळ्याच्या दोराला दिव्याचा बोया आधीच बांधून ठेवा, वेळ आली तर दोर सोडून निघता येईल. वीज वाचवायला रडारला थांबून-थांबून चालवायची सोय असते. त्यात विश्रांती ५ मिनिटांपेक्षा जास्त देऊ नका. ५ मिनिटांत १४ नॉटचं जहाज सव्वा मैल येतं, २ मैल रुंदीच्या कड्यात ते सापडतं. १० मिनिटं दिली तर ते सव्वादोन मैल येतं, म्हणजे कडं ओलांडून आत आलेलं असेल तरी रडार झोपलेलंच.


मांडवालाँच:

छान माहिती. आमच्याकडे २८ फुटी प्रवासी स्पीडबोट आहे, २२ नॉट. वरचं सगळं तिलाही लागू का? डॉप्लरचा फायदा वेगवान बोटीला जास्त असेल असं वाटत होतं.


रडारवाला:

उलट आहे. वेगवान बोटीला डॉप्लरचा रंग फसवतो.

तुम्ही उत्तरेला २२ नॉट. उजवीकडून एक ट्रॉलर पश्चिमेला ६ नॉटने आडवा येतोय आणि दोघांची गाठ पडणार आहे. अशा वेळी तो तुमच्या नाळेच्या उजवीकडे फक्त १५ अंशांवर दिसतो आणि बेअरिंग हलत नाही. त्याच्या ६ नॉटपैकी तुमच्या दिशेचा भाग किती? दीड नॉटच्या जरासा वर. मर्यादेखाली, म्हणजे रंग नाही. आणि अंतर तर २३ नॉटने कमी होतंय. तो १ मैलावर असताना तुमच्याकडे अडीच मिनिटं आहेत आणि पडदा गप्प.

आणखी एक. तुमच्याच दिशेने ८ नॉटने पुढे जाणारी बोट तुमच्यापासून लांब जातेय असं रडार धरतं. काही मॉडेलं तिला हिरवी करतात. तुम्ही तिच्यावर १४ नॉटने चढताय. नांगरलेली बोट, बोया, डोलीचे खुंट, यांना रंगच नाही, कारण ते हलत नाहीत.

हेच ८ नॉटच्या बोटीवर करून बघा. आडवं जाणारं जहाज १६ नॉटचं असेल तर टकरीच्या मार्गावर ते ६३ अंशांवर दिसतं आणि त्याचा तुमच्या दिशेचा वेग १४ नॉट भरतो. लालभडक. थोडक्यात, समोरचा तुमच्यापेक्षा वेगवान असेल तर रंगावर बराच भरवसा, तुम्ही त्याच्यापेक्षा वेगवान असाल तर नाही. स्पीडबोटीने मार्पा (रडारने ठिपक्याचा माग ठेवण्याची सोय) लावून सीपीए आणि टीसीपीए, म्हणजे तो सगळ्यात जवळ किती अंतरावर आणि किती वेळात येणार, ते बघावं, रंगाला फक्त लक्ष वेधणारा समजावं.

ट्रॉलिंगवाल्यांनी एक लक्षात ठेवा. जाळं ओढताना सगळेच २.५-३ नॉटला असतात. मासेमारीच्या पट्ट्यात चाळीस ट्रॉलर असले तरी पडद्यावर एकालाही रंग नसेल. रडार बिघडलेलं नसतं.


वायरिंगवाला:

बसवण्याबद्दल. इथे चुका जास्त होतात, त्यामुळे जरा लांबण लावतो.

घेण्याआधी मॉडेलचं पूर्ण नाव वाचा. रेमरीनच्या पहिल्या क्वांटमला डॉप्लर नाही, क्वांटम २ ला आहे. गार्मिनच्या फँटम मालिकेला आहे, एचडी मालिकेच्या डोमला (ॲन्टेनाच्या गोल डब्याला) नाही. फुरुनोचं डीआरएस४डी-एनएक्सटी, सिमरॅडचं हेलो २०+, दोन्हींना आहे. बाहेरून सगळे पांढरे डबेच. डोम त्याच कंपनीच्या ठरावीक डिस्प्लेवरच चालतो, तेव्हा जुना डिस्प्ले चालेल का हे डोम घेण्याआधी विचारा. नाव कंपनीगणिक वेगळं: गार्मिन मोशनस्कोप म्हणतं, फुरुनो टार्गेट ॲनालायझर, सिमरॅड व्हेलॉसिटीट्रॅक.

खोक्यावरचे २४ किंवा ३६ मैल विसरा. रडारचं क्षितिज मैलांत म्हणजे २.२ गुणिले दोन्ही उंचींच्या वर्गमुळांची बेरीज, उंची मीटरमध्ये. डोम ४ मीटरवर असेल तर २.२ × २ = ४.४ मैल. समोरचं जहाज २५ मीटर उंच असेल तर त्याचे ११ मैल मिळवा, एकूण १५. समोर १ मीटर उंचीची होडी असेल तर साडेसहा मैल, तेही तिचा प्रतिध्वनी दिसण्याएवढा असेल तर. मासेमारी बोटीला ६ मैलांची रेंज कामाची, रात्री मधूनमधून १२.

डोम केबिनच्या छपरावर, माणसाच्या डोक्यापेक्षा वर. झोताची उभी रुंदी २० ते २५ अंश, म्हणजे वर-खाली १०-१२. ४ मीटरवरून झोताची खालची कड साधारण २० मीटरवर पाण्याला टेकते, त्याच्या आत नजर ठेवावीच लागते. जाळ्यावर वाहणारी बोट आडव्या लाटेवर १५-२० अंश डुलते, त्यामुळे दर डुलण्याला एखादी फेरी समुद्राऐवजी आभाळ बघते. ठिपका लुकलुकतो आणि मार्पा ‘टार्गेट लॉस्ट’ म्हणून ओरडतो. उपाय: शेपट्या लांब ठेवा, इको ॲव्हरेजिंग (अनेक फेऱ्यांची सरासरी) असेल तर ते वाहताना बंद करून बघा. मागे विंचची चौकट किंवा डोलकाठी डोमच्याच पातळीवर असेल तर त्या दिशेला कायमची सावली पडते. ती कोणत्या अंशात आहे ते शांत समुद्रात बोट गोल फिरवून बघा आणि केबिनमध्ये लिहून ठेवा.

वीज. सॉलिड-स्टेट डोम २० ते ३५ वॉट, डिस्प्ले धरून ६० वॉट समजा. १२ व्होल्टला ५ अँपिअर, पाच तासांत २५ अँपिअर-तास. १०० ची बॅटरी सहज पेलते, पण ती इंजिन स्टार्ट करायची बॅटरी नको. स्टार्टर मारला की व्होल्टेज क्षणभर ९-१० वर येतं आणि रडार रीसेट होतं, नेमकं जेव्हा घाईने इंजिन लावायची वेळ आलेली असते तेव्हा. वायर: बॅटरीपासून डोमपर्यंत १० मीटर धरली तर जाऊन-येऊन २०. २.५ चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या वायरीत ३ अँपिअरला ०.४ व्होल्ट पडतात, ४ चौरस मिलिमीटरच्या वायरीत पाव व्होल्टच्या आसपास. ४ ची घ्या, टिन चढवलेली. साधी घरगुती वायर खाऱ्या हवेत दोन हंगामांत आतून काळी होते आणि मल्टिमीटरवर लोड नसताना १२.६ व्होल्ट छान दाखवते. मोजायचं तर रडार ट्रान्समिटवर ठेवून डोमच्या टोकाशी मोजा.

यंत्रं एकमेकांना जोडणारं नेटवर्क एनएमईए २००० चं. मुख्य वायरीच्या दोन्ही टोकांना १२० ओहमचे टर्मिनेटर. वीज बंद करून पांढऱ्या आणि निळ्या तारेत मल्टिमीटर लावा: ६० ओहम हवेत. १२० आले तर एक टर्मिनेटर नाही किंवा सुटलाय, ४० आले तर कुणीतरी तिसरा लावलाय. ‘हेडिंग मधूनच जातं’ या तक्रारीत आधी हे बघा, मग सेन्सरला नावं ठेवा.

हेडिंग सेन्सर टाळता येईल का? नाही. बहुतेक मॉडेलांत हेडिंग नसेल तर डॉप्लरचा पर्याय चालूच होत नाही, मार्पाही नाही. जीपीएसवरची दिशा त्या जागी चालत नाही: वाहताना नाळ एकीकडे आणि बोट सरकतेय दुसरीकडे, वेग अर्ध्या नॉटवर आला की जीपीएसची दिशा वाटेल तशी फिरते. सेकंदाला १० वेळा वाचन देणारा सेन्सर घ्या. तो इंजिन, विंच, स्पीकर, जाड डीसी वायरी यांच्यापासून निदान १ मीटर दूर, बोटीच्या मध्याकडे, खाली. नंतर शांत पाण्यात, भरती-ओहोटीचा ओढ नसताना, दोन मिनिटांत एक या गतीने दोन-तीन पूर्ण वर्तुळं. पैसे असतील तर सॅटेलाइट कंपास, त्याला लोखंडाचा त्रास नाही.

मग रडारची नाळ जुळवा. दीड-दोन मैलांवरचा एकटा बोया किंवा दीपस्तंभ नजरेने अगदी नाळेसमोर घ्या आणि पडद्यावरचा ठिपका हेडिंग लाइनवर येईपर्यंत बेअरिंग अलाइनमेंट सरकवा. एक अंश कुणाच्या लक्षात येत नाही, पाच अंश चुकलं तर जरा डावीकडचं जहाज उजवीकडे दिसतं.

हेडिंग चुकलं तर रंगही चुकतात, आणि कसे ते ओळखता येतं. किनाऱ्याला समांतर पळताना एका बाजूचा अख्खा किनारा लाल आणि दुसऱ्या बाजूच्या नांगरलेल्या बोटी हिरव्या झाल्या, तर हेडिंगमध्ये चूक. ८ नॉटला १० अंशांची चूक आडव्या दिशेला १.४ नॉटचा खोटा वेग घालते, मर्यादेखाली असल्याने दिसत नाही. २२ नॉटला तीच चूक ३.८ नॉटचा खोटा वेग घालते आणि स्थिर खडक लाल. म्हणून हा दोष स्पीडबोटीवर आधी सापडतो. दोन्ही बाजू ठीक पण समोरचं लाल आणि मागचं हिरवं होत असेल तर वेगाची नोंद मागे पडतेय. थ्रॉटल वाढवल्यावर जीपीएसला काही सेकंद लागतात, तेवढ्यापुरतं झालं तर सोडून द्या, टिकून राहिलं तर जीपीएसचं स्मूदिंग कमी करा.


सोल्डरगन:

मी पुण्यात इलेक्ट्रॉनिक्सचं काम करतो. एचबी१०० मॉड्यूल काहीशे रुपयांत मिळतं, तेही डॉप्लर रडारच. २४ गिगाहर्ट्झचं सीडीएम३२४ पण आहे. चार दिशांना चार लावून, पुढे ॲम्प्लिफायर आणि मायक्रोकंट्रोलर, असा अलार्म होडीसाठी का होऊ नये?


रडारवाला:

शिकायला जरूर करा. टक्कर टाळायला नाही.

एचबी१०० हे १०.५२५ गिगाहर्ट्झवर सतत लहर सोडतं. ताशी १ किलोमीटरला साडेएकोणीस हर्ट्झ मिळतात, सीडीएम३२४ वर पंचेचाळीसच्या जरा खाली. वेग कळतो. अंतर कळत नाही, कारण लहर कधी सुटली याची खूणच नाही. येतंय की जातंय हेही एकाच मिक्सरवर कळत नाही, त्यासाठी आय आणि क्यू असे पाव लहरीच्या फरकाचे दोन मार्ग हवेत. आणि माणूस-गाडी ओळखायचा पल्ला १५-२० मीटर. ८ नॉट म्हणजे सेकंदाला ४.१ मीटर. २० मीटरवर अलार्म वाजला तर पाच सेकंद उरतात. शिवाय लाटेचा पहिला फेसच त्याला सगळ्यात जवळचा आणि सगळ्यात हलणारा दिसेल.

गाड्यांतली ७७ गिगाहर्ट्झची मॉड्यूलं अंतर आणि वेग दोन्ही देतात, पल्ला दीड-दोनशे मीटर. धक्क्याला बोट लावताना किंवा खाडीत कामाची. पण डुलणाऱ्या बोटीवर त्यांचा चपटा झोत एकदा पाण्यात, एकदा आकाशात.


ब्रिजवरून:

व्यापारी जहाजाच्या बाजूने सांगतो, कारण वरची सगळी चर्चा तुम्ही आम्हाला कसं बघता याची झाली. आम्ही तुम्हाला बघतो का?

फायबर आणि लाकूड रडारला जवळजवळ पारदर्शक. परत येतं ते इंजिन, विंच आणि थोडं ओलं डेक यांवरून. आमची ॲन्टेना ३० मीटरवर असली तर क्षितिजाचा प्रश्न नाही, पण लाटा उठल्या की तुमचा ठिपका त्यांच्यात बुडतो. पावसात आम्ही १० सेंटिमीटरचं एस-बँड रडार बघतो, त्यावर पाऊस कमी दिसतो आणि लहान बोटही कमी दिसते.

म्हणून परावर्तक. तीन काटकोनी पत्र्यांचा, ॲल्युमिनियमचा. काटकोनाच्या बाजू ३० सेंटिमीटरच्या असलेला एक त्रिकोणी कोपरा ३.२ सेंटिमीटरच्या लहरीला जास्तीत जास्त ३३ चौरस मीटर एवढा मोठा भासतो. बाजू निम्मी, १५ सेंटिमीटर केली तर सोळावा भाग, २ चौरस मीटर. पाण्याच्या बाटलीएवढे स्वस्त परावर्तक म्हणूनच निकामी. तो एका टोकावर लटकवू नका. एक कोपरा आभाळाकडे तोंड करून, पावसाचं पाणी साठेल असा घट्ट बांधा. पत्रे ९० ऐवजी ८७ अंशांवर वाकले असतील तरी बराच फायदा जातो, तेव्हा फळीसारखा बसायला वापरू नका.

योजनेतला ट्रान्सपाँडर उपग्रहाशी बोलतो, किनाऱ्यावर तुमची जागा कळवतो. आमच्या पडद्यावर तो दिसत नाही. क्लास बी, म्हणजे लहान बोटींचा, एआयएस दिसतो. साधा २ वॉटचा क्लास बी २ नॉटच्या वर दर ३० सेकंदांनी सांगतो, २ च्या खाली दर ३ मिनिटांनी. जाळ्यावर वाहताना तुम्ही या दुसऱ्या गटात. ३ मिनिटांत १८ नॉटचं जहाज ०.९ मैल येतं, तरी काहीच नसण्यापेक्षा फार बरं.

दिवे. गिलनेटला लाल वर, पांढरा खाली, चहूबाजूंनी दिसणारे. हिरवा वर, पांढरा खाली ही जोडी ट्रॉलरची आहे, ती लावू नका. जाळं १५० मीटरपेक्षा लांब पसरलं असेल, आणि तुमचं असतंच, तर जाळ्याच्या दिशेला आणखी एक पांढरा. डेकवरचे एलईडी फ्लडलाइट बाहेर तोंड करून लावले की हे तिन्ही दिवे आम्हाला दिसत नाहीत, एक पांढरा गोळा दिसतो. त्यावरून बोट कुठे जातेय ते ओळखता येत नाही.

धुक्यात किंवा पावसाच्या झडीत, समोरचा नजरेला दिसत नसून फक्त रडारवर असेल तेव्हा १९ वा नियम: तो तुमच्या आडव्या रेषेच्या पुढे असेल तर डावीकडे वळणं टाळा, तुम्ही त्याला मागून ओलांडत असाल तर गोष्ट वेगळी. वळायचं ते एकदाच आणि ठसठशीत, ३० अंश किंवा जास्त. पाच-पाच अंशांनी वळलात तर आमच्या रडारवर ते कळतच नाही.


वायरिंगवाला:

पावसावरून आठवलं. वाऱ्याने ढकललेली सर डॉप्लरला चालती वस्तू वाटते. नारळी पौर्णिमेनंतरच्या पहिल्या महिन्यात पश्चिमेकडून येणारी झड पडद्यावर लाल भिंतीसारखी दिसेल आणि निघून गेल्यावर हिरवी. रेन फिल्टर वाढवा, पण सगळा लाल पुसेपर्यंत नाही, त्या सरीच्या आडून जहाज येत असू शकतं. सी क्लटरचंही (लाटांचे ठिपके घालवणाऱ्या फिल्टरचंही) तेच: जवळच्या लाटांचे थोडे ठिपके राहू द्या. पडदा स्वच्छ काळा केलात तर फायबरची होडी त्याबरोबर गेली.


नाखवा४०फूट:

सगळ्यांचे आभार, वहीत उतरवून घेतलं. यंदा पैसे एवढेच की डॉप्लर डोम-डिस्प्ले-सेन्सर सगळं एकदम होणार नाही. क्रम काय लावू?


रडारवाला:

परावर्तक आणि दिवे आठवड्याभरात, खर्च किरकोळ. मग ट्रान्सपाँडर प्रकारचा क्लास बी एआयएस, नुसता रिसीव्हर नको, व्हीएचएफवर १६ नंबर चॅनल चालू ठेवून. तिसरं, डॉप्लर घेणार असाल तरी आधी डिस्प्ले आणि हेडिंग सेन्सर घ्या, एआयएस त्याच पडद्यावर आणा, डोम पुढच्या हंगामाला. मॅग्नेट्रॉन घेतलात तर दोन वर्षांनी डिस्प्लेसकट बदलावं लागेल.


वायरिंगवाला:

डोमची केबल मात्र आत्ताच ओढून ठेवा, छपराला एकदाच भोक पडेल. भोकाआधी केबलला खाली झोका द्या, म्हणजे पाणी केबलवरून आत न जाता झोक्याच्या तळाला गळेल. टोकाचा कनेक्टर सेल्फ-ॲमल्गमेटिंग टेपने बांधा, सिलिकॉन भरू नका. ॲसिटिक ॲसिडवालं सिलिकॉन, ज्याला व्हिनेगरसारखा वास येतो ते, पिना हिरव्या करून टाकतं.